शेवटची ओळ

‘किनाऱ्यावर धडकताना वादळाचा जोर ऐनवेळी वाढूही शकतो,’ ही इशाऱ्यातली शेवटची ओळ शलाकाने आईला फोनवर वाचून दाखवलीच नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला!

“सगळी वाडी शाळेत निजायला चालली गो,” आई म्हणाली. “मी जाऊ?”

“जोर ओसरतोय, आई. फार तर चार कौलं उडतील.”

“मग ऱ्हाते घरीच. ह्या वयात कुठे परत पहिलीत बसू!”

वादळ धडकलं ते दुप्पट जोराने. कालपासून आईचा फोन बंद आहे. पुण्यात, लेकराला मांडीवर थोपटत, शलाका दिसेल त्या ग्रुपवर एकच मजकूर टाकते आहे: ‘बंदरवाडीच्या आसपास कुणी असाल, तर शाळेत नको, टोकाच्या कौलारू घरात माझ्या आईला बघा. दोन-तीनदा हाक मारा.’