विंचू

सात वर्षं तो संघाकडून 'विंचू' या नावाने व्हिडिओ गेमचे सामने खेळत होता. पडद्यावर खेळणाऱ्याचा चेहरा दिसत नसे, दिसायचं ते फक्त नाव; आणि करारानुसार ते नाव संघाच्या मालकीचं होतं. माउस फिरवून फिरवून त्याचं उजवं मनगट कायमचं कामातून गेलं, तेव्हा मॅनेजरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. कुणीही खेळो, विंचू जिवंत राहिला पाहिजे," असं म्हणून त्याची खुर्ची, हेडफोन आणि नावसुद्धा नव्या खेळाडूला देऊन टाकलं.

आता बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं? बाबा त्याचा एकही सामना चुकवत नसत आणि एकदाही बरं बोलत नसत. जिंकला तर "नशीब जोरावर होतं," आणि हरला तर "तरी मी सांगत होतो, कुठेतरी नोकरीला चिकट."

आज मात्र सांगूनच टाकायचं, असं ठरवून तो पट्टा बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. शेजारच्या खोलीत संघाने सामना जिंकल्याचा गलका उठला, आणि पाठोपाठ बाबांचाच फोन आला.

"बाबा, मला तुम्हाला जरा..."

"तुझं राहू दे, आधी माझं ऐक!" बाबांनी त्याला बोलूच दिलं नाही.

"सात वर्षं तुझा खेळ बघतोय. पण तुला खेळता येतं, हे मला आज पटलं, बाळा."