सहा आठवडे

डॉक्टर अडोमाने दात ओढला नाही. पातळ पात्याने तो चहूबाजूंनी मोकळा केला आणि निजलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढावा तसा अलगद उचलला. ओठाकडची हाडाची भिंत कागदासारखी. ती फुटली की सगळंच मुसळ केरात. मग त्याच ओल्या खळग्यात, जरा टाळूच्या अंगाने, तिने स्क्रू बसवला. फटीत हाडाची भुकटी भरली. वर तात्पुरता दात चढवला, खालच्या दातांना टेकणार नाही असा.

अमान्क्वा आरशात बघून हसला. चार दिवसांनी त्याला गावप्रमुखाच्या आसनावर बसवायचं होतं, आणि अंगात उणं असलेला माणूस त्या आसनाला चालत नाही. मोटरसायकलवरून पडून पुढचाच दात मुळाशी चिरला, तेव्हा तो म्हणाला होता, पंचांना खरं सांगून टाकू, त्यांचा जीव आहे माझ्यावर, अपघात समजून घेतील. नको म्हणाली ती सेरवा मावशी. मावशी गावची राजमाता. आसनासाठी नाव तिने सुचवायचं. पंचांनी गळ घातली म्हणून तिने पोटचा दार्को मागे ठेवून बहिणीच्या पोराचं नाव घेतलं होतं. तिनेच त्याला कुमासी शहरात या डॉक्टरकडे आणलं. सगळा वेळ खुर्चीशेजारी त्याचा हात धरून बसली.

"सहा आठवडे या दाताने काही तोडायचं नाही," डॉक्टर म्हणाली. "स्क्रूला हाडाने अजून धरलेलं नाही."

"आणि तोडलं तर?" मावशीने विचारलं.

"निखळून हातात येईल."

मावशीने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग त्याच्या गालावरून हात फिरवला. "पहिला दात आला तेव्हा मेल्याने माझंच बोट चावलं होतं."

चौथ्या दिवशी मोठमोठ्या छत्र्यांखाली गाव जमलं. ढोल थांबले. सर्वांत म्हाताऱ्या पंचाने रीतीप्रमाणे विचारलं, अंगात काही उणं, काही लपवलेलं?

अमान्क्वाने मावशीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"काही नाही," तो म्हणाला.

तेव्हा मावशी उठली. तिच्या मागे दार्को उभा होता, मानाचं कोरं केंटे वस्त्र पांघरून. माझं लेकरू सकाळपासून उपाशी आहे, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि भाजलेलं कणीस दोन्ही हातांनी अमान्क्वापुढे धरलं. राजमातेच्या हातचं चारचौघांत कोणी नाकारत नाही.

"खा, बाळा," ती मायेने म्हणाली. "पुढच्या दातांनी."