खालची काळी माती

नव्या घराच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला होता. मातीचे थर तपासणं हीच जिची नोकरी, ती ताई शिडीने आत उतरली. काठावर उभ्या भावाला आनंद मावत नव्हता.

"बघ ताई, वर काळी माती, मध्ये मुरूम, खाली पुन्हा काळी! लॉटरीच लागलीय आपल्याला."

ताई हसायला गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. काळी माती जमिनीच्या पोटात होत नाही. गवत-पाला कुजून ती वरच होते. म्हणजे खालचा थर एकेकाळी उन्हात होता, कुणाचं तरी अंगण होता. आणि मधला पुरुषभर मुरूम दगडधोंड्यांसकट डोंगरावरून एका दमात आला होता. तिने खुरप्याने खालची माती उकरली. फुटकं कौल लागलं. त्याखाली चुलीची राख.

"तुझी छकुली कुठेय रे?" ती भराभर शिडी चढू लागली.

"झोपलीय, डोंगराकडच्या खोलीत. पण थांब, तुला नाही उघडणार ते दार. नवंकोरं दार, पण चौकटीत अडकतंय. सकाळीच सुताराने रंधा मारून दिला, तर आता परत अडकलं. चौकटच तिरकी होत चाललीय जणू."