सुनेचं माहेर

लेकाने तिकडच्या तिकडे लग्न उरकलं आणि सून स्पॅनिश बोलते, एवढंच फोनवर कळवलं. आईने लगेच नकाशातल्या स्पेनवर बोट ठेवलं आणि मजल्यावरच्या साऱ्या अमराठी शेजाऱ्यांना तेच सांगून मोकळी झाली.

आज दार उघडलं, तर लेकाशेजारी एक उंचपुरी, काळीभोर मुलगी. आईने तिच्या खांद्यावरून जिन्यात डोकावून पाहिलं.

"अरे, सूनबाई कुठाय?"

"हीच की!" लेक ओशाळला. "आफ्रिकेतली आहे. हिच्या देशात स्पॅनिशच चालते."

आईचं डोकंच चालेना. "आफ्रिकेत स्पॅनिश? काहीतरीच! तिथे कुठून येईल ती?"

शिकून आलेली मराठी अडखळत जुळवत सून म्हणाली, "आई, या अख्ख्या गावात मराठी बोलणारं आपलं एकच घर ना? मग ती इथे कुठून आली?"