कॅचरचा हातमोजा

वडील वारल्यावर भावाने त्यांचा बेसबॉलचा हातमोजा परस्पर विकला होता. तो परत मिळवायला डेल्मर डेटन शहरातल्या लिलावघरात आला होता.

बोलीआधी मोजा हातात घालून पाहायची तिथली रीत. त्याने बोटं आत सारली आणि झटकन बाहेर काढली. आत ऊब होती. घामाची ओलही.

"आत्ता कुणी घातला होता हा?"

"कुणी नाही रे बाबा," लिलाव पुकारणारी लोरेटा हसली. "सकाळपासून काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे. भाव पाडायला काहीही सांगशील!"

डेल्मर खुर्चीत चुळबुळत राहिला, पण हटला नाही. मोजा त्यालाच मिळाला.

त्याने तो पुन्हा चढवला. आतली बोटं सरकली, त्याच्या बोटांना जागा करून दिली आणि मग घट्ट मिटली.