पेपर चालू असताना

“कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकायचं, सूनबाई. पेपर चालू असताना मधे थांबलीस, तर लेकराची लेखणी थांबते.”

सासूबाईंना जाऊन वर्षं लोटली, पण तो आवाज ओकरानच्या कानात अजून तसाच होता. ती वाकली. उठली. पुन्हा वाकली.

देगू शहराबाहेरच्या डोंगरावरच्या त्या विहारात आज पाय ठेवायला जागा नव्हती. कोरियाभरची मुलं विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसली होती, आणि त्यांच्या आया इथे बुद्धमूर्तीपुढे. भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलं होतं. तिकडे पेपर सुरू झाला की इकडे भिक्षुणीबाईंचा लाकडी ठोका सुरू व्हायचा, तिकडे सुट्टी झाली की इकडेही. प्रत्येकीच्या आसनापुढे आपापल्या लेकराचा फोटो होता. ओकरानच्या पुढे तिची दाओन शाळेच्या गणवेशात हसत होती.

भाषेचा पेपर संपला. ठोका थांबला. बाया गुडघे चोळत बसल्या.

“माझा कांगमिन आत्ता संडासात असणार बघ,” शेजारची म्हणाली. “बापाचं पोट घेऊन जन्माला आलाय. तुला बाई काळजी नाही, दाओनची आई. तुझी पोरगी हुशार.”

“हुशार कसली! महिना झाला, धड जेवत नाही.”

“सगळ्यांचं तेच. परीक्षा होऊ दे, घर खातील.”

ओकरान पाणी प्यायला बाहेर आली. पायरीवर चपलांच्या ढिगाजवळ दाओन बसली होती.

“काय विसरलीस?” ओकरान धावलीच. “प्रवेशपत्र? घड्याळ? अगं, बोल ना! पोलिसांना फोन करते, ते आज उशीर झालेल्यांना नेऊन सोडतात मोटारसायकलवरून. गणिताला अजून पोचशील...”

“आई, फाटक केव्हाच बंद झालं. मी आत गेलेच नाही.”

“बाबांनी तुला दारात सोडलं ना?”

“सोडलं. ते वळले, मग मीही वळले.”

ओकरानने खांब धरला. सकाळपासून ती ज्या लेखणीसाठी वाकत होती, ती लेखणी पिशवीतून बाहेर आलीच नव्हती.

“एवढं अख्खं वर्ष, दाओन! अगं, लोकांना काय सांगू मी?”

दाओनची बोटं थंडीने निळी पडली होती. ओठ फुटले होते.

“इतका वेळ होतीस कुठे?”

“पुलावर.”

नदीवरच्या त्या पुलाचे कठडे गेल्या वर्षी उंच केले होते. का केले, ते आसपास सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

ओकरान तिच्याशेजारी पायरीवर बसली. लेकीच्या दंडाला तिने नुसता हात लावला. दंड खरोखर आहे ना, हे पाहावं तसा.

“तुला सांगितलं होतं मी,” दाओन म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “उन्हाळ्यात. झोप येत नाही, डॉक्टरांकडे ने. तू म्हणालीस, परीक्षा होऊन जाऊ दे, मग नेते.”

किती पहाटे ओकरान हा डोंगर चढली होती. दिवा लावला होता, उपवास धरले होते. तथागतांपुढे रोज न चुकता त्या एका विद्यापीठाचं नाव घेतलं होतं. लेकीची झोप एकदाही मागितली नव्हती.

“आजच नेते,” ती म्हणाली. “आत्ता.”

“खरं?”

“खरं. आणि तिथे मी बाहेर बसून राहीन. तू हाक मारलीस तर आत येईन.”

आत ठोका सुरू झाला. कांगमिनची आई धावतपळत दाराशी आली.

“दाओनची आई! अगं, गणित लागलं! ये ना लवकर, मधे थांबायचं नसतं, ठाऊक आहे ना तुला...”

आणि तिला पायरीवर बसलेली पोर दिसली. तिचं वाक्य तिथेच तुटलं. ती तशीच मागे सरली, आणि तिच्यामागे दार हळूच ओढलं गेलं.

ठोका पडत राहिला. ओकरान उठली, आणि लेकीपुढे तिचे गुडघे त्या आवाजाला सवयीने दुमडले. ती वाकली. आपला कोट काढून तिने लेकीच्या अंगावर घातला आणि खालच्या बटणापासून एकेक बटण लावत वर आली. मान वर न करताच तिने विचारलं,

“मग माघारी कशी फिरलीस गं?”

आतून शेकडो अंगांवरच्या कपड्यांची सळसळ एकदम खाली गेली, एकदम वर आली.

“मी उरले नाही, हे तुला संध्याकाळीच कळलं असतं ना,” दाओन म्हणाली. “तोवर तू माझ्यासाठी वाकतच राहिली असतीस. दुखऱ्या गुडघ्यांनी. ते मला बघवेना, आई.”

ओकरानने शेवटचं बटण लावलं. लेकीचा हात धरला, आणि आत पेपर चालू असतानाच दोघी दवाखान्याच्या वाटेने डोंगर उतरू लागल्या.