डाव्या कडेवर

"हेही उजवीकडे कललंय," पाणसळ चित्राच्या चौकटीवर टेकवत सुतारकाका म्हणाले. नळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. "तिसरं चित्र, बाई. नजर घरीच विसरून आलात का?"

ती हसली नाही. खालून तिला चित्र अगदी सरळ दिसत होतं.

बाळंतपणाच्या वर्षभराच्या सुट्टीनंतर आज ती चित्रांच्या दालनात परतली होती. लांब उभं राहून चित्र नजरेनं सरळ करायचं, हे तिचं काम, खिळे काकांचे. मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "पाणसळ दुकानात मिळते. मी पगार नजरेचा देते. आज भिंत जमली तर जागा तुझी, नाहीतर बदलीवरचा माणूस आहेच."

तिनं घरी फोन लावला. सासूबाईंनी तो पहिल्या घंटेलाच उचलला. "झोपलीये गं शहाण्यासारखी. तू तुझं काम बघ."

मागून बारीक रडणं ऐकू येत होतं.

ती पुन्हा जागेवर येऊन उभी राहिली. पण पाय ठरेनात. या पायावरून त्या पायावर नुसती झुलत राहिली. चौथं चित्रही कललंच.

"अहो, पाळणा झालाय तुमचा. एका जागी उभ्या तरी राहा," म्हणत काकांनी हत्यारांची पिशवी तिच्या हातात कोंबली. "धरा जरा, शिडी सरकवतो."

पिशवी चांगलीच जड होती. तिनं ती नकळत डाव्या कडेवर घेतली. कंबर जागच्या जागी बसली. पाय थांबले. तिनं वर पाहिलं, तर चारही चित्रं उजवीकडे घसरायला निघालेली.

"काका, उजवा कोपरा वर घ्या. अजून थोडा. बस."

बुडबुडा मधोमध येऊन थांबला. काकांनी पाणसळ पुन्हा टेकवून पाहिली, मग शिडीवरून तिच्याकडे पाहिलं.

मालकीणबाई दारातून डोकावल्या. "जमतंय का?"

"जमतंय," काकाच म्हणाले.

त्या गेल्यावर हातोडी मागायला काकांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. भिंतीवरची नजर न हलवता ती पिशवीला हळूहळू थोपटत होती.

काका आवाज न करता शिडी उतरले. दोन बोटांनी, पिशवी हलणार नाही अशा बेतानं, त्यांनी हातोडी काढून घेतली.